नदीखोऱ्यातली पहिली एमटीबी फेरी: धरणाच्या खाली चालवा, वर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं जोडपं, दोघांनी नुकत्याच एमटीबी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या जाड टायरच्या माउंटन बाइक, घेतल्यात. अकरा वर्षांच्या मुलीकडे चोवीस इंची चाकांची, गिअरची सायकल आहे. सराव म्हणाल तर रविवारी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणं, दहा-बारा किलोमीटर. घाट चढायचा नाही, दगडधोंड्यांवरून उड्या मारायच्या नाहीत. नदीकाठाने, शेतांमधून, मातीच्या रस्त्याने एक दिवस घालवायचा आहे. आणि त्यांचा अंदाज असा, की पानशेत किंवा मुळशीचा बॅकवॉटरचा रस्ता सोपा असेल, कारण नकाशावर तो पाण्याला लागूनच दिसतो.

सोपा नाही. नवीन माणसं सगळ्यात जास्त याच रस्त्यांवर दमतात. पाणी सपाट दिसतं म्हणून त्याच्या कडेचा रस्ताही सपाट असेल असं वाटतं, पण धरण झालं तेव्हा खोऱ्यातला सपाट भागच आधी पाण्याखाली गेला. नदीकाठची गावं, मळे, जुना गाडीरस्ता, सगळं. नवा रस्ता पाण्याच्या पूर्ण संचय पातळीच्या वर, डोंगराच्या अंगाला काढावा लागला. डोंगराची प्रत्येक सोंड चढून ओलांडायची, पुढे ओढ्यात उतरायचं, परत चढायचं. एकेक चढ पंधरा-वीस मीटरचाच असतो, पण असे डझनभर झाले की मुलगी रस्त्याच्या कडेला बसते आणि उठत नाही.

म्हणून सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कुठल्याही खोऱ्यात माझा नियम एकच: सोपं हवं असेल तर धरणाच्या खालच्या अंगाला चालवा. तिथे नदीने हजारो वर्षं गाळ पसरून जमीन समतल केलेली असते, आणि धरणाचा कालवा त्या जमिनीच्या कडेने जवळपास एका पातळीत गेलेला असतो. तुमच्यासाठी मी वाईचं खोरं निवडेन. पुण्याहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. खंबाटकी घाट गाडीत बसून ओलांडायचा, सुरूरला महामार्ग सोडायचा, की दहा-बारा किलोमीटरवर वाई. कृष्णा जुन्या महाबळेश्वराकडून खाली येते, धोमच्या धरणात थांबते आणि तिथून मेणवली, वाई करत पुढे साताऱ्याकडे जाते. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे आहेत, पांडवगड आणि पाचगणीचं टेबललँड मान वर केली की दिसतात, पण तळ रुंद आणि निवांत आहे. डोंगर बघायचे, चढायचे नाहीत.

मार्ग असा: वाई, मेणवली, धोम आणि परत. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, धोम आठ-नऊ. आडवाटा धरून, थांबत-थांबत सगळी फेरी वीस-बावीस किलोमीटरची होते. डांबरी रस्त्यानेच गेलात तर दोन तासांचंही काम नाही, पण मग एमटीबी कशाला घेतली? या खोऱ्यात गावाला गाव जोडणाऱ्या तीन तऱ्हेच्या वाटा आहेत आणि त्या ओळखता आल्या की कुठल्याही खोऱ्यात स्वतःचा मार्ग स्वतः काढता येतो.

पहिली, नदीच्या अगदी काठची पाणंद. दोन्हीकडे ऊस किंवा हळद, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. सावली भरपूर, चढ नावाला नाही, पण माती काळी. कोरडी असेल तर तिच्यावर चाक गालिच्यावरून गेल्यासारखं जातं. ओली झाली की तीच माती टायरला चिकटते, टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीला चांगलं कडक ऊन तीन-चार दिवस तरी लागतं. आणि पाऊस नसतानाही शेताला पाणी सुटलेलं असेल तर पाणंदीचा पन्नास-शंभर मीटरचा तुकडा चिखलाचा असतो. तिथे पेडल मारून जोर लावू नका. उतरा, सायकल उचला, पलीकडे ठेवा. चिखलात जोर लावला की साखळी उडते, आणि साखळीच्या नादात मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकवून घेतलेले लोक मी बरेच पाहिलेत.

दुसरी, कालव्याची वाट. धोमचे डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत. कालव्याचा उतार किलोमीटरमागे वीतभर-हातभर, त्यामुळे त्याच्या कडेचा मुरुमाचा सेवारस्ता जवळजवळ सपाट असतो. मुरुमातून पाणी लगेच निचरतं, म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशीही चालतो. चालवायला याच्याइतकं सोपं खोऱ्यात दुसरं काही नाही, आणि तरीही लहान मुलीला घेऊन मी हा रस्ता सरसकट सांगणार नाही. कालव्याला कठडा नसतो. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना पाणी काठोकाठ आणि दिसतं त्यापेक्षा खूप वेगाने वाहतं, आतला उतार काँक्रीटचा आणि शेवाळलेला. पट्टीचा पोहणाराही तिथून सहजी वर येत नाही. आवर्तन चालू असेल तर मुलीची सायकल शेताच्या बाजूला, मोठ्या माणसाची पाण्याच्या बाजूला, आणि रस्ता आठ-दहा फुटांपेक्षा अरुंद झाला की सगळ्यांनी उतरून चालायचं. कालवा कोरडा असेल तर प्रश्न मिटला. आवर्तन कधी आहे हे वाईतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. शेतकऱ्यांचं सगळं वेळापत्रक त्यावरच असतं. हा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे. जिथे आडवा खांब किंवा फाटक असेल तिथे वाद न घालता वळायचं.

तिसरी, कालव्याच्या वरच्या अंगाची, डोंगराच्या पायथ्याची माळावरची वाट. गवत, मुरुम, बारीक खडी, मधूनमधून ओढ्याची खाच. खरी मजा इथे आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. पहिल्या दिवशी तिकडे जाऊ नका, बाभळीचा काटा म्हणजे काय ते तिथेच कळतं.

आता फेरी. वाईत गणपती घाटाच्या परिसरात सुट्टीच्या दिवशी आठनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. साडेसहाला पोचा. महागणपतीचं, म्हणजे ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना दुभागलं जावं म्हणून. ही नदी पावसाळ्यात काय करते याची कल्पना त्या भिंतीवरूनच येते. वाई ते मेणवली पहिला तुकडा डांबरीच ठेवा. या तीन किलोमीटरमध्ये सीट वर-खाली करून घ्यायची, गिअर नीट पडतायत का बघायचं, ब्रेक घासत असेल तर आवाज ऐकायचा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, एवढी सीटची उंची. बहुतेक नवशिके सीट खाली ठेवतात आणि मग वीस किलोमीटरनंतर गुडघे दुखतात म्हणून सायकलला नावं ठेवतात.

मेणवलीला अर्धा तास द्या. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट आणि घाटावरच्या देवळाजवळची ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधून ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यांपैकी ही एक. तिच्यावर मरियमची आकृती आणि १७०७ हे साल आहे. मुलीला ते साल शोधायला लावा. आणि कृपा करून घाटाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवू नका. हल्ली रील काढायला एमटीबीवाले पायऱ्यांवरून खाली येतात. ते दगड अडीचशे वर्षांचे आहेत, खाली बायका धुणं धूत असतात, आणि पायऱ्या उतरण्यात फारसं कौशल्यही नाही, फक्त चांगलं सस्पेंशन लागतं. सायकल वर लावायची, चपला काढायच्या, पाण्यात पाय सोडून बसायचं.

मेणवलीच्या पुढे पाणंदी सुरू होतात. इथे हवा कमी करा. साधारण सत्तर किलोचा माणूस, २.१ किंवा २.२ इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर डांबरावर ४० पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) ठीक, मातीवर ३०च्या आसपास. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. मुलीचं वजन पस्तीसच्या घरात असेल तर तिला २२ ते २५ पुरतात. मोठ्यांनी ट्यूबच्या टायरमध्ये २५च्या खाली जाऊ नये, दगडावर रिम आपटून ट्यूबला भोकं पडतात. या एका गोष्टीने रस्त्याचा खडबडीतपणा निम्मा होतो. दुकानदाराने दहा-पंधरा हजार जास्त घेऊन विकलेल्या सस्पेंशनने होत नाही तेवढा. तुमच्याकडे पुढे शंभर मिलिमीटर दबणारा सस्पेंशनचा फोर्क आहे ना? पुष्कळ झाला. डांबरावर त्याचा लॉकआउट, म्हणजे दबणं बंद करणारी कळ, लावा, मातीवर काढा. दोन्हीकडे सस्पेंशन असलेली सायकल या खोऱ्यात नुसतं वजन आहे.

पाणंदीत गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा. एक चाकोरी धरा आणि तिच्यातच राहा. बदलायची असेल तर वेग कमी करून, हँडल ठामपणे वळवून, काटकोनाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन कड ओलांडा. तिरकं-तिरकं सरकायला गेलात की पुढचं चाक कडेला घासतं आणि माणूस आडवा होतो. नजर चाकासमोर ठेवू नका, दहा-पंधरा पावलं पुढे ठेवा. हात सैल, कोपर थोडे वाकलेले. मऊ माती किंवा वाळूचा पट्टा आला की ब्रेक नको, वळण नको, एक गिअर हलका करून सरळ निघून जायचं.

शेतावरच्या लोकांशी आणि जनावरांशी वागायचे दोन-तीन संकेत आहेत. समोरून बैलगाडी आली तर तुम्ही उतरायचं, तीही वेळेवर. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे बैल बुजतात. मागून येत असाल तर घंटी वाजवण्यापेक्षा "दादा, सायकली येतायत" असं लांबून बोला. माणसाच्या आवाजाला जनावर सरावलेलं असतं. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. उतरलेल्या माणसात त्यांना फारसा रस नसतो. कापणीनंतर रिकामं दिसणारं शेतही कुणाचं तरी असतं, त्यातून आडवं जायचं नाही. गुऱ्हाळ चालू दिसलं तर मात्र लाजू नका, विचारा. गरम काकवी मिळाली तर पुढचे दहा किलोमीटर कुणी कुरकुरत नाही.

धोमला सिद्धेश्वराच्या देवळासमोर कमळासारखं दगडी कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. शेजारी नृसिंहाचं देऊळ. डबा इथे उघडायचा. इथून पुढे धरणाची भिंत दिसते आणि पाणी बघायला वर जायचा मोह होतो. मोठी माणसं जाऊ शकतात, छोटासा पण दमवणारा चढ आहे. भिंतीवर जाऊ देत नसतील तर आग्रह धरू नका. आणि भिंतीच्या पलीकडचा, जलाशयाच्या कडेकडेने जोर, बलकवडीकडे जाणारा रस्ता म्हणजे मी सुरुवातीला म्हटलं तोच चढउताराचा प्रकार. फार देखणा आहे, पुढे कमळगड दिसतो, पण तो दिवाळीनंतर, थोडा दम वाढल्यावर, मुलगी आजीकडे असताना.

वाईहून धोमकडे जाताना तुम्ही पश्चिमेकडे जाताय, हे लक्षात ठेवा. सकाळी ऊन पाठीवर असतं, वारा जवळजवळ नसतो. दुपारनंतर, विशेषतः मार्चपासून, घाटमाथ्यावरून वारा खोऱ्यात उतरतो. परतताना तो पाठीशी राहील आणि नदीचा नाममात्र उतारही तुमच्या बाजूने असेल. उलट केलंत, म्हणजे दुपारी वाईहून निघून धोमकडे गेलात, तर तेच आठ किलोमीटर सोळा वाटतील. हिवाळ्यात डोंगराआड सूर्य लवकर जातो, साडेपाचलाच गारवा येतो.

मोसम कुठला? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडू नका, आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी ओलांडू नका. वर धरणातून सोडलेलं पाणी तुम्हाला विचारून वाढत नाही. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू होते. तेव्हा धोका पाणंदीत नसतो, डांबरी रस्त्यावर असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाने भरून दोन्हीकडे फुटलेल्या, चालकाच्या डोक्याशी मोठ्याने गाणी. त्याला तुमची घंटी ऐकू येणं शक्य नाही आणि मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला येते. ट्रॅक्टर दिसला की रस्त्याच्या खाली उतरून थांबायचं. रस्त्यावर सांडलेलं पाचट आणि चिरडलेला ऊस यांच्यावर ब्रेक मारायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी असते, ती शिजवून अंगणात, खळ्यावर वाळत घातलेली असते; वास सगळ्या रस्त्याला. त्या वाळवणावरून चाक नेणारा शहरी सायकलवाला मी पाहिलाय, शिव्याही ऐकल्यात, आणि त्या योग्य होत्या. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाडाची जत्रा असते, त्या दिवशी वाईच्या आसपास गर्दी प्रचंड. बगाड जरूर पाहावं, पण सायकल घरी ठेवून.

काट्यांबद्दल. प्रत्येक सायकलमागे एक जादा ट्यूब, सगळ्यांत मिळून एक पंप, टायर काढायच्या दोन लिव्हर, पॅचचं पाकीट. पंक्चर झाल्यावर नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवा, हळूच. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि नवीन ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. हे घरी, अंगणात एकदा करून बघा. मुलीलाही करू द्या, लहान बोटांना आतला काटा लवकर सापडतो. ट्यूबमध्ये भोकं आपोआप बुजवणारं सीलंट घालून मिळतं, ते घातलंत तर निम्मा त्रास वाचेल.

पाणी मोठ्यांना दोन-दोन लिटर, वाटेत गावात भरता येतं. हेल्मेट सगळ्यांना, पाणंदीतही. मऊ मातीत पडलं तरी बांधावरचा दगड मऊ नसतो.

ही फेरी जमली की पुढची कुठली, असं तुम्ही विचारणारच. कृष्णेच्याच काठाने खाली, साताऱ्याच्या अलीकडे लिंबला जा. तिथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळातली, आणि आसपासची शेतवाट वाईपेक्षाही सपाट. कोल्हापूरकडे नातेवाईक असतील तर पंचगंगेचा काठ, प्रयाग चिखलीच्या बाजूचा. तिथे नदी ओलांडायला कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. वरची वाट अरुंद असते, कठडे नसतात, म्हणून बंधाऱ्यावर सायकल हातात धरूनच चालायचं. आणि गोव्याला गेलात तर समुद्रकिनारा एक दिवस सोडा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकली चढवा, मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरा. मधली एक टेकडी सोडली तर सगळं सपाट: भातशेती, खाजनाचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे) बांध, खाऱ्या पाण्याची ये-जा सांभाळणाऱ्या मानशी, म्हणजे झडपा. बांधाची माती ठिसूळ असते आणि तो फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं, म्हणून पायवाट मळलेली असेल तिथेच चालवा. भोरला भाटघरच्या खालच्या अंगाला नीरेचं खोरंही तुमच्या कामाचं आहे. भाटघरच्या वर, वेळवंडीच्या बॅकवॉटरला मात्र नाही, कारण एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या सायकलचे ब्रेक बघा. चोवीस इंची सायकलींवर ब्रेकची लिव्हर बहुतेक वेळा हँडलपासून इतकी लांब असते की लहान बोटं तिथे पोचतच नाहीत, आणि मूल ब्रेक मारण्याऐवजी पाय टेकवून थांबायला शिकतं. बऱ्याच लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत पिळला की लिव्हर जवळ येते. दोन बोटांनी तिला ब्रेक पूर्ण दाबता आला पाहिजे. नाही आला तर केबलला तेल घाला, तरीही नाही आला तर केबल बदलून घ्या. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.